विश्लेषण : टाकीतले समुद्रफूल पांढरे का पडते? परभणीच्या उन्हाळ्यात ते वाचवता येते का?

परभणीत एप्रिल-मेच्या दुपारी पारा ४२ अंशांच्या वर जातो, रस्ते ओस पडतात आणि घराघरांत कूलरची घरघर सुरू होते. अशा शहरात दिवाणखान्यात समुद्राचा तुकडा ठेवायचा, ही हौस खर्चिक आणि थोडी हट्टाचीच. गोल्डफिश, गप्पी, एंजल पाळणारे मराठवाड्यात पुष्कळ. खाऱ्या पाण्याची टाकी सांभाळणारे मात्र मोजके. समुद्र इथून सरळ रेषेत मोजला तरी सुमारे चारशे किलोमीटर दूर. पाण्यातले मीठ पाकिटातून येते, मासे मुंबई-पुण्याहून पिशवीत बंद होऊन येतात आणि लाटा पंपाने तयार कराव्या लागतात.

या टाकीत नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा क्लाउनफिश आला की त्याच्या सोबतीला समुद्रफूल हवेसे वाटते. ते आणले जाते, पहिले काही दिवस छान फुलते आणि मग एखाद्या आठवड्यात त्याचा तपकिरी-हिरवा रंग उतरून ते कागदासारखे पांढरे पडते. बहुतेक जण इथे दोन चुकांपैकी एक करतात. ‘मेले’ म्हणून ते काढून टाकतात किंवा ‘पांढरेच जास्त छान दिसते’ म्हणून तसेच राहू देतात. पण पांढरे पडलेले समुद्रफूल मेलेले नसते आणि धडही नसते. ते उपाशी असते.

समुद्रफूल म्हणजे नेमके काय?

नावात फूल असले तरी हा प्राणी आहे. प्रवाळ आणि जेलीफिश त्याचे जवळचे नातेवाईक. शरीर अगदी साधे : खाली दगडाला चिकटणारा पाया, वर मधोमध एक तोंड आणि तोंडाभोवती शुंडकांची गर्दी. खाण्याचे आणि टाकाऊ पदार्थ बाहेर काढण्याचे दारही तेच एक. शुंडकांवर सूक्ष्म दंशपेशी असतात. त्यांनी भक्ष्य बधिर होते आणि आपले बोट लागले तर ते चिकटल्यासारखे वाटते.

समुद्रफुले मुंबईलाही आहेत. ओहोटीच्या वेळी गिरगाव, हाजी अलीच्या खडकाळ किनाऱ्यावर वाकून पाहिले तर साचलेल्या पाण्यात ती दिसतात. मात्र ती क्लाउनफिशला आसरा देणारी नव्हेत. जगात हजाराहून अधिक जातींची समुद्रफुले आहेत आणि क्लाउनफिश त्यांतल्या साधारण दहाच जातींमध्ये घर करतो. भारतात अशा जोड्या अंदमान-निकोबार, लक्षद्वीप आणि मन्नारच्या आखातात आढळतात. घरगुती टाकीसाठी त्यातल्या त्यात सोपी मानली जाते ती ‘बबल टिप’ ही जात. तिच्या शुंडकांची टोके फुगीर, बुडबुड्यासारखी असतात.

हा प्राणी मुळात अल्पायुषी नाही. स्कॉटलंडमध्ये जॉन डॅलियल या निसर्ग अभ्यासकाने १८२८ मध्ये किनाऱ्यावरून एक समुद्रफूल घरी आणून काचेच्या बरणीत ठेवले. लोक त्याला ‘ग्रॅनी’ म्हणजे आजी म्हणू लागले. डॅलियल गेले, पुढे सांभाळणारे बदलले, पण ही आजी १८८७ पर्यंत जगली. ना वीज, ना पंप. नेमाने समुद्राचे पाणी बदलणे, एवढीच सेवा. अर्थात ती थंड पाण्यातली जात होती आणि तिच्या शरीरात शेवाळ नव्हते. उष्ण समुद्रातल्या समुद्रफुलांची सारी गोष्ट त्या शेवाळापाशीच अडते.

रंग जातो म्हणजे काय होते?

प्रवाळांवर राहणाऱ्या समुद्रफुलांच्या पेशींत झूझँथेली नावाचे एकपेशीय शेवाळ वस्तीला असते. हा व्यवहार आपल्याकडच्या बटईच्या शेतीसारखा आहे. जागा समुद्रफुलाची, कष्ट शेवाळाचे आणि पीक वाटून घ्यायचे. समुद्रफूल शेवाळाला सुरक्षित आसरा, कार्बन डायऑक्साइड आणि स्वतःच्या टाकाऊ पदार्थांतला नायट्रोजन देते. शेवाळ प्रकाशात साखर तयार करते आणि तिचा मोठा वाटा मालकाला देते. समुद्रफुलाचा तपकिरी रंग प्रामुख्याने याच बटईदाराचा.

पाणी प्रमाणाबाहेर तापले की शेवाळाची प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा बिघडते. प्रकाश पडत राहतो, पण त्याची साखर होण्याऐवजी पेशीला जाळणारी, ऑक्सिजनची घातक रूपे तयार होऊ लागतात. तेव्हा समुद्रफूल शेवाळाला बाहेर काढते. मागे उरते ती पारदर्शक त्वचा, जी आपल्याला पांढरी दिसते. यालाच ब्लीचिंग किंवा विरंजन म्हणतात.

जीव वाचवण्यासाठी बटईदार हाकलला, पण आता घरात धान्य येत नाही. साठा संपला की समुद्रफूल स्वतःचेच शरीर जाळू लागते. म्हणून पांढरे समुद्रफूल हळूहळू आक्रसत जाते. बशीएवढे असलेले काही महिन्यांत वाटीएवढे होते. अशा वेळी अन्न मिळाले आणि परिस्थिती निवळली, तर पेशींत चुकूनमाकून उरलेले शेवाळ पुन्हा वाढते आणि रंग परततो. पांढऱ्याफटक दिसणाऱ्या समुद्रफुलातही बहुधा थोडे शेवाळ शिल्लक असते, हीच सगळ्या उपचारांची आशा.

इथे एक गंमत सांगण्याजोगी आहे. दगडाबरोबर टाकीत चोरपावलांनी येणारे ‘एप्टेशिया’ नावाचे बारीक समुद्रफूल हौशी लोकांच्या लेखी तणासारखे आहे. एक मारावे तर दहा उगवतात. विरंजनाचा अभ्यास करणाऱ्या प्रयोगशाळांचे मात्र ते लाडके आहे. थंड पाण्याचा धक्का देऊन किंवा मेंथॉलने त्यातले शेवाळ काढून टाकता येते, तरी खाऊ घातले तर ते पांढऱ्या अवस्थेतही जगते आणि नंतर त्यात पुन्हा शेवाळ वसवता येते. पांढरेपणातून परत येता येते, हे याच तणाने दाखवून दिले आहे.

दोष फक्त उन्हाचाच का?

नाही. अचानक प्रखर प्रकाश, उलट आठवडेच्या आठवडे अंधार, खारटपणातला झटका, थंडी, प्रवास यांपैकी कशानेही रंग उडतो. परदेशातून आलेले समुद्रफूल आधी निर्यातदाराच्या हौदात, मग विमानात, मग मुंबईतल्या घाऊक विक्रेत्याच्या अंधाऱ्या टाकीत आणि शेवटी रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या डिकीत असा मुक्काम करत परभणीला पोहोचते. इतक्या हालांनंतर त्याचा रंग टिकला तर नवल.

म्हणूनच बाजारात बरीच समुद्रफुले आधीच पांढरी पडलेली असतात. खरेदी करणाऱ्याला ते आजारपण वाटत नाही. शुभ्र अंग आणि जांभळी टोके असलेले समुद्रफूल काचेआड सुंदर दिसते. त्याहून वाईट प्रकार रंगवलेल्यांचा. भडक पिवळे, गुलाबी किंवा निळे समुद्रफूल दिसले आणि तो रंग शुंडकांपासून पायापर्यंत एकसारखा असला, तर पांढरे पडलेल्या प्राण्याला रंगात बुडवलेले असण्याची शक्यता मोठी. हा रंग काही आठवड्यांत उतरतो आणि खाली तेच उपाशी पांढरे अंग निघते. तोंड घट्ट मिटलेले, पाया धरून ठेवणारा, शुंडके चिकट आणि रंग तपकिरी, हिरवट किंवा मातकट असेल तरच घ्यावे. मातकट रंग घरी आणायला जिवावर येते खरे, पण तोच निरोगीपणाचा रंग आहे.

परभणीत टाकी थंड कशी ठेवायची?

या टाकीला २५ ते २७ अंश तापमान मानवते. २९-३० अंशांच्या पुढे पाणी काही दिवस राहिले की धोका सुरू होतो. बाहेर ४२ अंश असताना पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या घरात पाणी ३३-३४ वर सहज जाते. खोलीला एसी असेल किंवा टाकीला चिलर लावला असेल तर प्रश्न सुटतो. पण चिलर महाग असतो आणि तो पाण्यातली उष्णता त्याच खोलीत सोडतो, त्यामुळे बंद खोलीत त्याची दमछाक होते.

कोरड्या हवेच्या गावात मात्र एक स्वस्त उपाय फार चांगला चालतो : पाण्याच्या पृष्ठभागावर वारा मारणारा छोटा पंखा. पाण्याची वाफ होताना ती उष्णता घेऊन जाते. माठातले पाणी गार होते त्याच नियमाने. हिशेब करून पाहिला तर १ लिटर पाणी उडताना इतकी उष्णता नेते, की बाहेरून नवी उष्णता आली नाही तर २०० लिटरची टाकी सुमारे ३ अंशांनी थंड व्हावी. त्याउलट १ लिटर बर्फाची बंद बाटली त्याच टाकीत सोडली तर जेमतेम अर्धा अंश फरक पडतो. बर्फाच्या बाटल्या अडीनडीला ठीक, पण रोजचा भार पंख्यानेच उचलायचा. मुंबईच्या दमट हवेत हा उपाय निम्माशिम्माही चालत नाही. इथे परभणी मुंबईपेक्षा नशीबवान.

पण खोलीत पाण्याचा कूलर चालू केला, की हवेतला ओलावा वाढतो आणि टाकीवरच्या पंख्याचा जोर ओसरतो. कूलर आणि टाकी एका खोलीत ठेवायचीच असेल, तर खिडकी उघडी हवी.

दुसरी अडचण मिठाची. वाफ होते ती पाण्याची, मीठ मागेच राहते. उन्हाळ्यात पंख्याखालच्या २०० लिटरच्या टाकीतून दिवसाला ४ लिटर पाणी उडाले असे धरले, तर तीन दिवसांत खारटपणा हजारी ३५ वरून ३७ च्या पुढे जातो. लग्नासाठी दोन-तीन दिवस गावाला जाऊन आले आणि समुद्रफूल आक्रसलेले दिसले, तर उष्णतेइतकाच या वाढलेल्या मिठाचा संशय घ्यावा. उडालेले पाणी रोज गोड्या, शुद्ध पाण्याने भरायचे. मिठाच्या पाण्याने कधीच नाही. टाकीच्या काचेवर पातळीची खूण करून ठेवली तर घरातल्या कोणालाही हे काम सांगता येते.

भरायचे पाणी कोणते, हाही मराठवाड्यात साधा प्रश्न नाही. बोअरचे पाणी जड असते आणि त्यात बरेचदा नायट्रेट असते. नळाच्या पाण्यात क्लोरीन. घरगुती आरओ यंत्र बरेच क्षार काढते, सगळे नाही. म्हणून त्यापुढे डीआय नावाची रेझिनची नळी जोडतात. आरओमधून वाया जाणारे पाणी फरशी पुसायला, भांडी विसळायला वापरता येते, आणि पाणीटंचाईच्या जिल्ह्यात ते वापरलेच पाहिजे. एसीच्या नळीतून ठिबकणारे पाणी शुद्ध दिसते म्हणून ते भरण्याचा मोह होतो. ते टाळावे. एसीच्या आतल्या तांब्याच्या नळ्यांवरून ते आलेले असू शकते आणि तांबे समुद्रफुलाला विषासारखे आहे.

मग वीज. पंप थांबला की पाण्यात ऑक्सिजन मिसळणे थांबते आणि गरम पाण्यात तो मुळातच कमी विरघळतो. दुपारी तीन तास वीज गेली तर समुद्रफुलाआधी मासे धापा टाकू लागतात. लाटांचा पंप घरच्या इन्व्हर्टरवर घ्यावा. ते जमत नसेल तर बॅटरीवर चालणारा एअर पंप तरी हाताशी असावा.

आणखी एक सोपी युक्ती आहे. टाकीचे दिवे दुपारी लावायची गरज नाही. समुद्रफुलाला घड्याळ कळत नाही. संध्याकाळी पाच ते रात्री एक अशी आठ तासांची ‘सकाळ’ त्याला दिली, तर दिव्यांची उष्णता आणि उन्हाची उष्णता एकाच वेळी पडत नाही. वेळ मात्र रोज तीच हवी.

हिवाळ्याचे विसरू नये. परभणीत जानेवारीत पारा अनेकदा एक आकड्यावर येतो आणि गारठ्यानेही रंग जातो. एका मोठ्या हीटरऐवजी दोन छोटे बरे. एक बंद पडला तर टाकी गोठत नाही आणि एक अडकून चालूच राहिला तर टाकी उकळत नाही.

पांढरे पडल्यावर पहिले काय करावे?

आधी हात आवरावा. घाबरून एकाच दिवशी पाणी बदलणे, दगड हलवणे, दिवे बदलणे, औषध टाकणे, हे सगळे केले तर जे समुद्रफूल तगले असते तेही जाते. पहिल्या दिवशी फक्त मोजमाप करावे : तापमान, खारटपणा, अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, अल्कलिनिटी. अमोनिया आणि नायट्राइट शून्य हवेत. खारटपणा हजारी ३५ च्या आसपास हवा. तो चुकला असेल तर दोन-तीन दिवसांत हळूहळू मूळपदावर आणावा. तापमानाचेही तसेच. ३२ अंशांवरून तासाभरात २५ वर आणणे हा दुसरा झटका ठरतो. दिवसाला एक-दोन अंश पुरे.

नायट्रेट मात्र शून्य नको. स्वच्छतेच्या नादात पाणी इतके निर्मळ केले जाते, की उरल्यासुरल्या शेवाळाला खत मिळत नाही. लिटरमागे ५ ते १० मिलिग्रॅम नायट्रेट असलेले पाणी ‘घाण’ नसते.

समुद्रफूल जिथे बसले आहे तिथून उचलू नये. त्याला जागा आवडली नाही तर ते स्वतः सरकते. सरकते म्हणूनच पंपाच्या जाळीला स्पंज बांधणे आवश्यक आहे. पांढरे, अशक्त समुद्रफूल रात्रीत पंपात ओढले जाऊन त्याचा चोथा होणे, हा घरच्या टाकीतला नेहमीचा अपघात आहे. हलवायचेच झाले तर दगडासकट हलवावे. पाया ओढून सोडवला की तो फाटतो आणि फाटलेल्या पायाचे समुद्रफूल क्वचितच वाचते.

प्रकाशाबाबत दोन टोकांच्या चुका होतात. शेवाळ वाढावे म्हणून दिवे पूर्ण जोरात लावले, तर उरलेले शेवाळही करपते. ‘विश्रांती’ म्हणून अंधार केला, तर ते उपाशी मरते. दिव्यांचा जोर नेहमीच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत उतरवावा आणि दर आठवड्याला थोडा थोडा वाढवत दीड-दोन महिन्यांत पूर्वपदावर आणावा. दिवा कमी-जास्त होत नसेल तर टाकीवर जाळीचे कापड घालून एकेक थर काढत गेले तरी काम होते. शेडनेट या जिल्ह्यात कुठल्याही कृषी सेवा केंद्रावर मिळते.

खायला काय आणि किती?

शेवाळाची साखर बंद झाली आहे, तेव्हा आता तोंडातून घास भरवणे हाच मुख्य उपचार. कच्च्या, बिनमिठाच्या कोळंबीचा किंवा समुद्री माशाचा तुकडा बारीक चिरून, अर्ध्या शेंगदाण्याहूनही लहान करून, टाकीचेच पाणी लावून लांब चिमट्याने शुंडकांवर ठेवावा. गोठवलेले मायसिस हे बारीक झिंगे मिळाले तर उत्तम. आठवड्यातून दोन-तीन वेळा पुरे. येलदरीचा किंवा गोदावरीचा ताजा मासा बाजारात मिळतो, पण समुद्री प्राण्याला समुद्रातलेच अन्न मानवते.

मोठा तुकडा देण्याची घाई हमखास नडते. अशक्त समुद्रफूल तो गिळते, पचवू शकत नाही आणि दुसऱ्या दिवशी चिकट गोळा बाहेर टाकते. म्हणजे मिळवलेल्यापेक्षा जास्त शक्ती खर्च झाली. टाकलेला गोळा लगेच काढावा, नाहीतर अमोनिया वाढतो. अन्न पकडतच नसेल, शुंडके चिकटतच नसतील, तर दोन दिवस थांबून आणखी बारीक, जवळजवळ लगदा करून पाहावा. भरवताना पंप पंधरा मिनिटे बंद ठेवावा आणि नंतर तो चालू करायला विसरू नये!

क्लाउनफिशचे काय? निरोगी समुद्रफुलाला तो फायद्याचा असतो. त्याच्या टाकाऊ अमोनियावर शेवाळ पोसते आणि रात्री शुंडकांत हालचाल करून तो ताजे पाणी खेळवतो. पण पांढऱ्या, आक्रसलेल्या समुद्रफुलात दोन मोठे मासे दिवसभर अंग घासू लागले तर ते उघडतच नाही. शिवाय भरवलेला घास मासाच पळवतो. अशा वेळी छिद्रे असलेली प्लास्टिकची टोपली काही आठवडे समुद्रफुलावर उपडी घालणे हा साधा उपाय आहे. पाणी आणि प्रकाश आत जातात, मासा जात नाही.

औषधाने फरक पडतो का?

विरंजनावर औषध नाही. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावरची तांब्याची औषधे समुद्रफूल असलेल्या टाकीत टाकणे म्हणजे ते मारणेच. परदेशातले काही हौशी पाळणारे वारंवार फुगणाऱ्या-मिटणाऱ्या, जिवाणू संसर्ग झालेल्या समुद्रफुलाला वेगळ्या भांड्यात सिप्रोफ्लोक्सासिन देतात. पण तो संसर्गावरचा उपाय आहे, उडालेल्या रंगावरचा नाही. मुख्य टाकीत प्रतिजैविक टाकले तर पाणी शुद्ध ठेवणारे उपयोगी जिवाणूही त्याला बळी पडू शकतात. मेडिकलमधून माणसांची गोळी आणून टाकीत विरघळवण्याचा प्रयोग कोणी करू नये.

कधी सोडून द्यायचे, हेही कळले पाहिजे. तोंड सताड उघडे आणि आतले अवयव बाहेर आलेले, पाया सुटून अंग लोळत असलेले, वरून चिकट चिंध्या निघत असलेल्या आणि पाण्याबाहेर काढल्यावर कुजका वास, ही मृत्यूची खूण. मग एक रात्रही थांबू नये. कुजणारे समुद्रफूल सगळी टाकी बरोबर घेऊन जाते. दिवसातून एकदोनदा आक्रसून पुन्हा फुलणे मात्र नैसर्गिक आहे. तो त्याचा पाणी बदलण्याचा प्रकार.

रंग परतायला किती दिवस?

सगळे नीट जुळले तर काही आठवड्यांत तोंडाभोवती आणि शुंडकांच्या बुडाशी चहाच्या डागासारखी फिकट छटा दिसू लागते. पूर्ण रंगाला तीन-चार महिने लागतात, कधी वर्षही. रोज पाहणाऱ्याला हा बदल कळत नाही. म्हणून दर रविवारी एकाच कोनातून, एकाच पांढऱ्या दिव्याखाली मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. निळ्या एलईडीखाली सगळेच हिरवे-चमकदार दिसते आणि पांढरेपणा लपतो. फोटोत रंगापेक्षा आधी आकार पाहावा. आक्रसणे थांबले, म्हणजे अन्न अंगी लागते आहे.

एप्रिलमध्ये नवे समुद्रफूल आणणे हा मात्र परभणीत शुद्ध अविचार आहे. आणायचेच तर पावसाळा ओसरल्यावर, टाकी किमान सहा-आठ महिने जुनी आणि स्थिर झाल्यावर आणावे.

समुद्रात हेच मोठ्या प्रमाणावर कसे घडते आहे?

टाकीत पंखा लावता येतो, समुद्राला लावता येत नाही. अमेरिकेच्या ‘नोआ’ या संस्थेने एप्रिल २०२४ मध्ये जगभरातील प्रवाळांच्या चौथ्या जागतिक विरंजनाची घोषणा केली. त्यानंतर मे महिन्यात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने लक्षद्वीपच्या प्रवाळांचे मोठ्या प्रमाणावर विरंजन झाल्याचे सांगितले. वरवर क्षुल्लक वाटणारी वाढ तिथे पुरते. उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा एकच अंश जास्त, पण तो आठवडेच्या आठवडे टिकलेला.

त्याची झळ फक्त प्रवाळांना बसत नाही. पॅसिफिकमधील मुरेआ बेटाजवळ २०१६ च्या उष्ण लाटेत समुद्रफुले पांढरी पडली, तेव्हा संशोधकांनी त्यांत राहणाऱ्या क्लाउनफिशच्या जोड्यांवर लक्ष ठेवले. मासे मेले नाहीत, घर सोडूनही गेले नाहीत. पण त्यांच्या रक्तातले ताणाचे संप्रेरक वाढले आणि अंडी घालणे मोठ्या प्रमाणावर घटले. पाणी थंड झाल्यावर समुद्रफुलांचा रंग परतला आणि माशांची घडीही पुन्हा बसू लागली.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरही प्रवाळ आहेत. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झाले ते अशाच सागरी जीवसृष्टीसाठी. मुंबईच्या सागरी किनारा मार्गाच्या कामात वरळी आणि हाजी अलीजवळच्या प्रवाळांच्या वसाहती उचलून दुसरीकडे नेऊन लावाव्या लागल्या.

घरात ठेवायला कायद्याची आडकाठी आहे का?

दगडासारखा सांगाडा करणारे सर्व प्रवाळ, काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे यांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून स्थान आहे. म्हणजे वाघाला जे संरक्षण, तेच यांना. ते किनाऱ्यावरून उचलणे किंवा विकणे हा गुन्हा आहे, मग तो तुकडा ‘मेलेला दगड’ म्हणून विकला गेला तरी. समुद्रफुलाचे नाव त्या यादीत वेगळे घेतलेले नाही, पण ते ज्या दगडावर चिकटून येते त्यावर प्रवाळ असू शकतात. पावती, आयातीची कागदपत्रे आणि दगडाची खात्री मागणारा ग्राहक दुकानदाराला आवडत नाही, तरी ती मागावी. कोकणात सहलीला गेल्यावर खडकावरून समुद्रफूल सोलून बाटलीत भरून आणण्याचा उद्योग तर नकोच. रेल्वेने परभणीला पोहोचेपर्यंत ते बहुधा कुजलेले असते.

माशांपुरता तरी एक चांगला पर्याय आता आहे. क्लाउनफिशची पैदास हौदात होते. केंद्रीय संशोधन संस्थांनी ते तंत्र बसवले आणि नवी मुंबईत ऐरोलीला राज्याच्या कांदळवन प्रतिष्ठानच्या केंद्रात शोभिवंत सागरी माशांची हॅचरीही उभी राहिली. हौदात जन्मलेल्या क्लाउनफिशला समुद्रफूल लागतेच असे नाही. तो कोपऱ्यातल्या मडक्याशीही आनंदाने संसार थाटतो. नवशिक्याने पहिली दोन वर्षे तेवढ्यावरच भागवले तर बिघडत नाही.

बबल टिपचेही तसेच. चांगले पोसलेले समुद्रफूल मधोमध ताणले जाऊन काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत दुभंगते आणि एकाची दोन होतात. दोन्ही अर्धे आठवडाभर फाटक्या कापडासारखे दिसतात, मग गोल होतात आणि खाऊ लागतात. उष्णतेच्या किंवा खराब पाण्याच्या ताणाखालीही ते असेच दुभंगते, त्यामुळे मे महिन्यात एकाची दोन झालेली दिसली तर पेढे वाटण्याआधी थर्मामीटर पाहावा. थंडीत, भरल्या पोटी झालेली विभागणी असेल तर एक भाग दुसऱ्या पाळणाऱ्याला देता येतो, दगडासकट, पाण्याच्या बादलीत, दुपारचे ऊन टाळून.